किशोरांची गोष्ट कुणाची?

‘किशोरकथेत जात आणू नका, तो प्रौढांचा विषय,’ असं मास्तर लोक सांगतात. मित्रांनो, १९३५ साली आलेल्या ‘श्यामची आई’त जात आहेच की! आई श्यामला महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला धाडते. आई मायाळू, खरं. पण घरी आल्यावर श्यामला आंघोळ आहे. ही जात श्यामच्या बाजूनं दिसते. म्हातारीचा नातू हे पान वाचील तेव्हा त्याला काय वाटेल, हे पुस्तक विचारत नाही.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’त (१९६३) पण ‘मी’च बोलतो. मात्र हा ‘मी’ जात लपवणारा, मार खाणारा. ही म्हणे प्रौढांची कथा. आपल्या पोराला हा मार कळायला अठरा वर्षं लागतात का? शाळेतल्या माठापाशीच कळतो.

दोन्हींत फरक हवाच, पण तो नजरेचा. प्रौढ माणूस मागं वळून हिशेब मांडतो. पोराला हिशेब येत नाही, त्याला नुसतं झोंबतं. ते झोंबणं लिहा, सत्य पातळ करू नका. आणि आता म्हातारीच्या नातवाच्या तोंडून लिहा.