रूपकांचे नियम होतात तेव्हा

भांडवलशाही आणि साम्यवाद यांची आपल्याकडील चर्चा बहुधा दोन रूपकांभोवती फिरते. मूळ संहितांतील त्यांचे स्थान मात्र क्वचितच तपासले जाते. अॅडम स्मिथच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये (१७७६) ‘अदृश्य हात’ एकदाच येतो. तोही भांडवल स्वदेशातील उद्योगात गुंतवणे पसंत करणाऱ्याच्या संदर्भात. याच ग्रंथात व्यापाऱ्यांच्या संगनमताविषयी दिलेला इशारा बाजारपेठेचे समर्थक सहसा विसरतात. मार्क्सचे ‘पाया आणि इमला’ हे रूपक १८५९ मधील एका प्रस्तावनेतले. त्याचा यांत्रिक अर्थ लावणाऱ्यांना एंगल्सने १८९० मधील पत्रात आवर घातला : आर्थिक घटक अंतिमतः निर्णायक असला, तरी तो एकमेव निर्णायक घटक नव्हे.

संदर्भातून तुटलेल्या रूपकाचा नियम होतो आणि त्यातून कर्ता माणूस नाहीसा होतो. हात कोणाचा, हे विचारता येत नाही. इमला बांधणारे दिसत नाहीत. मग १८७६-७८ च्या दुष्काळात धान्यव्यापारात हस्तक्षेप न करण्याचे ब्रिटिश सरकारचे धोरण बाजाराचा नियम म्हणून खपते आणि १९३२-३३ मध्ये युक्रेनमध्ये झालेली धान्याची सक्तीची वसुली इतिहासाची अपरिहार्यता म्हणून. दोन्ही ठिकाणी निर्णय माणसांनी घेतले होते. उपाशीही माणसेच मेली.

रूपक कोठे विचाराला साहाय्य करते आणि कोठे विचाराचीच जागा घेते, हे दाखवणे हे समीक्षेचे काम आहे. अर्थशास्त्राच्या संहिताही त्याला अपवाद मानता येणार नाहीत.