चावडीवर कोण बसते? : विकिपीडिया, पुरावा आणि वर्ग

मराठीत ज्ञानकोशाची परंपरा जुनी आहे. १९२०च्या दशकात श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला. १९७६मध्ये तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. या कोशांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कोणती नोंद घ्यावी, कोणती गाळावी यावर संपादकांत जो खल झाला असेल, तो वाचकाला दिसत नसे. वाचकाच्या हाती निवाडा येई, सुनावणी मात्र बंद दाराआड होई.

विकिपीडियाने ही रीत बदलली. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठी २००३मध्ये आणि उर्दू २००४मध्ये. त्यातील प्रत्येक लेखाला एक चर्चेचे पान जोडलेले असते. कोणी कधी कोणता शब्द घातला, कोणी काढला, याचा इतिहासही जपलेला असतो. बिनपगारी, बहुधा टोपणनावाने काम करणारी माणसे तेथे एकमेकांशी वाद घालतात. आमच्या मते या चर्चा हा आपल्या काळातील एक महत्त्वाचा गद्यप्रकार आहे आणि त्याची समीक्षा व्हायला हवी. या चर्चांत वर्ग हा शब्द क्वचितच येतो, पण पुष्कळदा वाद वर्गाचाच असतो. तो नियमांच्या भाषेत बोलला जातो, एवढेच.

प्रथम नावे पाहू. सर्व संपादकांनी एकत्र येऊन सामाईक प्रश्नांवर बोलावे, यासाठी इंग्रजी विकिपीडियावर जी जागा आहे तिचे नाव 'गावचा पंप' या अर्थाचे आहे. पाणी भरायला आलेली माणसे दोन शब्द बोलतात, ही त्यामागची कल्पना. मराठीत त्या जागेला 'चावडी' म्हटले गेले आणि उर्दूत 'दीवान-ए-आम'. हे शब्द निवडणाऱ्यांचा हेतू स्वच्छ होता यात शंका नाही. आपल्याकडे पाणवठाही सर्वांचा नव्हता, त्यासाठी १९२७मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. तरीही शब्द आपली स्मृती सोबत आणतात. चावडीवर पाटील-कुलकर्णी बसत आणि बाकीचा गाव खाली उभा राही. दीवान-ए-आममध्ये रयतेला प्रवेश होता, पण बादशाह झरोक्यात आणि रयत उभी. सर्वांना प्रवेश असणे आणि सर्वांना बसायला जागा असणे यांतले अंतर या दोन शब्दांनी नकळत सांगून टाकले आहे.

विकिपीडियाची भूमिका अशी की येथे कोणाची पदवी विचारली जात नाही. हे खरे आहे आणि ते थोडे नाही. विकिपीडियाच्या आधी २०००मध्ये त्याच मंडळींनी 'न्यूपीडिया' नावाचा कोश काढला होता. तेथे लेखाला तज्ज्ञांकडून सात टप्प्यांची तपासणी पार करावी लागे. तो कोश चाललाच नाही. विद्वानांचा उंबरठा काढून टाकल्यावर जे उभे राहिले तो विकिपीडिया. परंतु काढून टाकलेला उंबरठा माणसांच्या मनात शिल्लक राहतो. २००७मध्ये एक प्रकरण गाजले. इंग्रजी विकिपीडियावरील एक वजनदार संपादक स्वतःला धर्मशास्त्राचा प्राध्यापक म्हणवून घेत असे. वादात प्रतिपक्षाला गप्प करण्यासाठीही त्याने ही प्राध्यापकी वापरली होती. प्रत्यक्षात तो २४ वर्षांचा, तसली कोणतीही पदवी नसलेला तरुण निघाला. त्याला पद सोडावे लागले. लोक त्याच्या लबाडीवर बोलले. आम्हास त्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा की, जेथे पदवीला किंमत नाही असे म्हटले जाते तेथे खोटी पदवी सांगावी असे त्याला का वाटले? आणि ती चालली कशी?

दुसरी गोष्ट वेळेची. संपादनाला पैसा लागत नाही, पण फुरसत लागते. वादात टिकून राहायला तर फारच लागते. दहा-बारा तास यंत्रमागावर उभा राहणारा माणूस रात्री घरी येऊन तीन दिवस चाललेल्या चर्चेला उत्तरे देऊ शकत नाही. चर्चेची भाषाही आडवी येते. जुने संपादक नियमाचे पूर्ण नावसुद्धा घेत नाहीत. चार-सहा इंग्रजी अक्षरांचे संक्षिप्त रूप लिहून मोकळे होतात. कचेरीत 'फेरफाराची नोंद झाली नाही' असे ऐकून शेतकरी जसा मान हलवून परत फिरतो, तसा नवा संपादक परत फिरतो. याउलट ज्याच्याजवळ पैसा आहे तो फुरसत आणि भाषा दोन्ही विकत घेतो. कंपन्या आणि बडी माणसे यांच्यासाठी मोबदला घेऊन लेख रचणाऱ्या एका संस्थेशी संबंधित सुमारे २५० खाती २०१३मध्ये इंग्रजी विकिपीडियाने बंद केली. २०१४मध्ये मोबदला घेणाऱ्याने तो जाहीर केलाच पाहिजे, असा नियम झाला. नियम करावा लागला यातच सर्व आले.

पण फुरसत आणि भाषा या बाहेरच्या अडचणी झाल्या. खरी गाठ आहे ती पुराव्याच्या नियमात. विकिपीडिया म्हणतो, तुम्हाला काय ठाऊक आहे हे आम्ही विचारत नाही, ते कोठे छापून आले आहे ते दाखवा. छापणाराही विश्वासार्ह हवा, आणि शक्यतो तो त्या विषयापासून स्वतंत्र हवा. या नियमाचे दोन प्रसंग पाहण्यासारखे आहेत.

अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांच्या 'द ह्यूमन स्टेन' या कादंबरीचा नायक कोणावरून बेतला, याविषयी विकिपीडियावर एक तर्क दिला होता. रॉथ यांनी तो चूक असल्याचे कळवले. त्यांना उत्तर मिळाले की लेखकाचे स्वतःचे म्हणणे पुरेसे नाही, दुसरा आधार हवा. तेव्हा २०१२मध्ये रॉथ यांनी 'द न्यूयॉर्कर'मध्ये खुले पत्र प्रसिद्ध केले आणि ते पत्रच आधार झाले. हा किस्सा लोक विकिपीडियाची गंमत म्हणून सांगतात. आम्ही तो वेगळा वाचतो. रॉथ यांचा शब्द नाकारला गेला तेव्हा त्यांच्याजवळ 'द न्यूयॉर्कर' होता. मालेगावात कांडी भरणाऱ्या बाईचा शब्द नाकारला गेला, तर तिने कोणत्या साप्ताहिकाचे दार ठोठवायचे?

दुसरा प्रसंग २०१८चा. कॅनडातील भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा त्या वर्षीच्या मे महिन्यात परत पाठवला गेला. त्यांची उल्लेखनीयता दिलेल्या आधारांवरून सिद्ध होत नाही, असे कारण होते. २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झाले. त्यांच्यासोबत ज्यांना ते मिळाले त्या जेरार मूरू यांच्यावर लेख आधीपासून होता. मसुदा नाकारणाऱ्याने नियम मोडला नव्हता, पाळला होता. जगाने ज्यांच्याविषयी आधीच लिहून ठेवले, त्यांच्याविषयीच कोश लिहितो. विद्यापीठात शिकवणाऱ्या बाईची ही गत, तर ज्यांच्या मोहल्ल्यात वार्ताहर फक्त दंगलीच्या दिवशी येतो त्यांची काय असेल?

मालेगावचेच उदाहरण घेऊ. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी २०००मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. यंत्रमागाच्या गावातील माणसांनी आपल्या गावासाठी, आपल्या बोलीत सिनेमा उभा केला. गावाला ते ठाऊक होते. जगाला ते मोठ्या प्रमाणावर कळले २००८च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने. २०२५मध्ये 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. फैजा अहमद खान यांचा तो माहितीपट आपुलकीने केलेला आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण कोशाच्या दृष्टीने पाहा. गाव साक्षीदार नाही, बाहेरून आलेला कॅमेरा साक्षीदार आहे.

मग तोंडी साक्ष घ्यायचीच नाही का? २०११मध्ये अचल प्रभाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत आणि दक्षिण आफ्रिका येथे हा प्रयोग करून पाहिला. मल्याळम, हिंदी आणि सेपेडी या भाषांत, छापील आधार नसलेल्या रोजच्या गोष्टींविषयी जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांचा आधार देऊन लेख लिहिले. यावर संपादकांत वाद झाला. आक्षेप असा की आज हा सांगतो, उद्या दुसरा वेगळे सांगेल, तर तपासायचे कसे?

आक्षेप रास्त आहे. पण तो नवा नाही, आणि त्याला उत्तर नाही असेही नाही. हदीसच्या विद्वानांपुढे हाच प्रश्न होता. त्यांनी साक्ष तोंडी आहे म्हणून फेकली नाही, आणि सांगणारा भला आहे म्हणून डोळे मिटून घेतलीही नाही. कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी, म्हणजे इस्नाद, मागितली. दोघे एका काळात, एका जागी असणे शक्य होते का, सांगणाऱ्याची स्मरणशक्ती कशी, सचोटी कशी, हे तपासणारे अस्मा-उर-रिजाल हे स्वतंत्र शास्त्र उभे केले. या साखळ्यांपैकी जिला 'सोनसाखळी' म्हटले गेले ती इमाम मालिक, नाफे आणि अब्दुल्लाह इब्न उमर यांची. यांतले नाफे हे गुलामीतून मुक्त झालेले गृहस्थ होते. साक्ष तपासताना त्यांचा दर्जा आड आला नाही, त्यांची सचोटी आणि स्मरणशक्ती पाहिली गेली. आम्ही हे धर्माभिमानाने सांगत नाही. तोंडी ज्ञानालाही शिस्त असू शकते, आणि ती शिस्त वर्ग न विचारता चालवता येते, एवढेच दाखवायचे आहे.

येथे आपल्यातील काही मित्र म्हणतील, मग पुराव्याचा नियमच अभिजनांचा आहे, तो झुगारून द्या. त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. जानेवारी २०२५मध्ये एका पत्रकाराने दावा केला की फातिमा शेख ही आपणच रचलेली व्यक्तिरेखा आहे. सावित्रीबाईंच्या सहकारी म्हणून ज्यांचे नाव घेताना आपल्या मुलींची मान ताठ होते, त्या फातिमाबींनाच कोणी कल्पित ठरवू पाहत होता. त्या दाव्यापुढे काय टिकले? ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख नव्हे. तिच्यावर २०२२मध्ये गूगलने चित्र काढले, पण तिला समकालीन कागदाचा आधार पुढे आलेला नाही. टिकले ते सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतिरावांना लिहिलेले पत्र. आपल्या आजारपणामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचे वाक्य त्यात आहे. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात ते छापलेले आहे. एका वाक्याने एक बाई वाचली. प्रेमापोटी जोडलेल्या तारखा तिच्या कामी आल्या नाहीत, उलट शंकेखोरांच्या कामी आल्या. म्हणून पुराव्याचा नियम हा दुबळ्यांचाही आधार आहे. तो सैल झाला तर ज्याचा आवाज मोठा त्याचेच खरे ठरेल, आणि तो आवाज आपला नसेल.

भाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे. उर्दू विकिपीडियाने काही काळ कॉम्प्युटरला 'शुमारिंदा' हा शब्द चालवला. मराठीत 'संगणक' रुळला. आमच्या वर्गातील मूल दोन्ही भाषांत 'कॉम्प्युटर' म्हणते. परिभाषा हवीच, पण घरी दखनी किंवा कोकणी मुसलमानी बोली बोलणाऱ्या मुलाला मराठी कोशाची पायरी एका बाजूने उंच आणि उर्दू कोशाची दुसऱ्या बाजूने उंच वाटते. दोन्ही चर्चांत शुद्धतेविषयी पोटतिडकीने बोलणारे पुष्कळ आढळतात. कोणाची भाषा शुद्ध धरली, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला जातो.

तेव्हा विकिपीडियाविषयीचा आमचा अभिप्राय असा. तेथील संपादक वर्गद्वेष्टे नाहीत. बहुतेक प्रामाणिक आहेत आणि फुकट राबतात. त्यांच्या हातातील चाळणी छापील जगाने विणलेली आहे आणि त्या जगात कोणाविषयी लिहायचे हे वर्गाने आधीच ठरवलेले असते. चावडीवर जाऊन भांडणे आवश्यक आहे, आपल्यातील शिकलेल्यांनी तेथे खाती उघडून बसलेही पाहिजे. परंतु तेथे दाखवायला कागद हवा आणि तो कागद तयार करणे हे साहित्य चळवळीचे काम आहे. १९९०मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. अशा संमेलनात वाचलेला निबंध तारीख-वारासह छापला गेला आणि ग्रंथालयात पोहोचला, तरच तो उद्याचा आधार होतो. शाळेच्या स्मरणिकेत पाहुण्यांच्या फोटोंसाठी दहा पाने जातात. त्यांतली चार कांडी भरणाऱ्या बाईला, बेकरीवाल्याला, जुन्या शाहिराला द्यावीत. सांगणाऱ्याचे नाव, वय, धंदा, गाव, कोणी कधी विचारले आणि त्याने स्वतः पाहिले की कोणाकडून ऐकले, हे सर्व खाली लिहावे. नववीतली मुलगी आपल्या दादीला विचारून हे करू शकते. त्याला पदवी लागत नाही.