चौक आणि घुमट

इस्लामी वास्तुकलेविषयीं आपल्याकडील सुशिक्षितांत एक मत रूढ आहे. मशिदींत व कबरींत मनुष्याकृति नाहीं, म्हणून भाव नाहीं. उरते ती केवळ नक्षी! हें मत आम्हीं इंग्रजी ग्रंथांतून उचललें आणि अनेक वर्षें विद्यार्थ्यांस पढविलें. त्याचें परिमार्जन करणें आम्हांस प्राप्त आहे.

आमची समजूत प्रथम ढळली ती डहाणू-तलासरीकडील एका वारली घरांत. लग्नप्रसंगीं गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. त्याची चौकट म्हणजे रेघा, त्रिकोण व ठिपके यांचीच वीण; पण आंत पालघट देवी बसावयाची असते. त्या चौकटीस ‘केवळ नक्षी’ म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. या कलेचें इस्लामी कलेशीं नातें आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. रेघेलाहि अर्थ असतो, एवढेंच तेथें उमगलें.

त्या दृष्टीनें पुढें विजापूर पाहिलें. गोल घुमट ही १६५६ सालीं वारलेल्या महंमद आदिलशहाची कबर. चौकोनी दालनावर वर्तुळ बसवावयाचें, हा तेथील पेंच. शिल्पकारानें एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन चौरस कल्पून त्यांच्या बाजूंवर आठ कमानी उभारिल्या. त्या परस्परांस छेदून वर अष्टकोन करितात. त्यावर आंतून सुमारें १२५ फूट व्यासाचा घुमट, मध्यें एकहि खांब नसतां, उभा आहे. कमानींचें आंत झुकलेलें वजन घुमटाचा बाहेरचा रेटा सांवरतें. येथें भूमिति हा अलंकार नव्हे, इमारतीचा कणाच होय. तेथीलच इब्राहिम रोज्यांत खिडक्यांच्या जाळ्या अक्षरांच्या आहेत. उजेड आंत येतो तो अक्षरांमधून. याला भावशून्य कोण म्हणेल?

याचा अर्थ सारेंच वाखाणावें असा नव्हे. औरंगाबादचा, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरचा, बिबी-का-मकबरा घ्या. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची ही कबर ताजमहालाच्या धर्तीवर बांधली आहे. तींत संगमरवर थोडा, चुन्याचा गिलावा फार. पण खरा दोष गरिबीचा नव्हे. मधली इमारत अरुंद व उभट झाली, मिनार तिच्या अंगावर दाटले. प्रमाण चुकलें! मूर्ति नाहीं म्हणून ही वास्तु उणी नाहीं. तिच्याच कलेचा नियम तिनें मोडला, म्हणून ती उणी आहे.

परक्या कलेस तिच्याच मापानें मोजावें, हा धडा आम्हीं उतारवयांत गिरविला. आमच्या विद्यार्थ्यांनीं तो वेळींच गिरवावा, इतकीच इच्छा.