लाज, मिंधेपणा आणि साहाय्य : जरीपटक्याच्या निमित्ताने

फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या हिंदूंची नागपूरच्या उत्तर भागात जी वसती झाली, ती जरीपटका या नावाने ओळखली जाते. जरीपटका म्हणजे मराठ्यांचे भरजरी निशाण, मानाचे चिन्ह. घर, गाव आणि मान ही तिन्ही ज्यांची एकाच वेळी सुटली, त्यांच्या वसतीला हे नाव असावे हा योगायोगच; परंतु मान आणि लाज यांच्या विचारास तो उचित आरंभ करून देतो. आपद्ग्रस्तांना साहाय्य करणाऱ्या संस्था आज 'आघात' व 'लाज' हे शब्द पारिभाषिक म्हणून वापरतात. सिंधी निर्वासितांचा अनुभव या परिभाषेत कितपत मावतो, हे पाहणे आवश्यक आहे.

मानसिक आघाताच्या कल्पनेला 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेच्या तिसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र व्याधीचे स्थान मिळाले. पुढे 1992 मध्ये ज्युडिथ हर्मन यांनी 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या ग्रंथात सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि समाजाशी पुन्हा जोडले जाणे असे बरे होण्याचे तीन टप्पे मांडले. या मांडणीत कथनाला मध्यवर्ती महत्त्व आहे. फाळणीच्या अभ्यासात उर्वशी बुटालिया यांचा 'दि अदर साइड ऑफ सायलेन्स' आणि रितू मेनन व कमला भसीन यांचा 'बॉर्डर्स अँड बाउंडरीज' हे 1998 मधील दोन्ही ग्रंथ मौनाचा शोध घेणारेच आहेत. साहाय्यही सक्तीचे रूप घेऊ शकते, हे दाखवून देणे हा त्यांचा मोठा गुण होय. अपहृत व्यक्तींच्या पुनःप्राप्तीसाठी केलेल्या 1949 च्या कायद्याने स्त्रीच्या स्वतःच्या इच्छेला निर्णायक स्थान दिले नव्हते.

तथापि हे विवेचन प्रामुख्याने पंजाबच्या अनुभवावर उभे आहे. सिंधमध्ये पंजाबच्या तुलनेने रक्तपात कमी झाला. 6 जानेवारी 1948 च्या कराचीतील दंगलीने मात्र स्थलांतराला वेग आला. पंजाब व बंगाल यांची विभागणी झाली, सिंध सबंध पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी भाषकांना भारतात स्वभाषेचा प्रांत उरला नाही; त्यांच्या भाषेला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळण्यासही 1967 साल उजाडावे लागले. नंदिता भवनानी यांच्या 'दि मेकिंग ऑफ एक्झाइल' (2014) आणि रीता कोठारी यांच्या 'दि बर्डन ऑफ रेफ्यूज' (2007) या ग्रंथांनी हे वेगळेपण अभ्यासकांपुढे आणले. कोठारी यांचे क्षेत्र गुजरात आहे. शेजाऱ्यांच्या अवहेलनेमुळे पुढील पिढीने भाषा व सिंधीपण कसे दूर सारले, यावर त्यांचा भर आहे. हा निष्कर्ष मार्मिक आहे. परंतु अवहेलनेच्याही आधीची एक पायरी अधिक विवेचनाची अपेक्षा करते. ती पायरी म्हणजे साहाय्य स्वीकारण्याची.

येथे मराठी भाषा उपयोगी पडते. मराठीत लाज 'वाटते', तशी ती 'राखली जाते', 'जाते' आणि दुसऱ्याकडून 'काढली'ही जाते. म्हणजे लाज ही केवळ भावना नव्हे. ती जतन करावयाची ठेवही आहे. याखेरीज मराठीत 'मिंधेपणा' हा शब्द आहे. ज्याने उपकार केले त्याच्यापुढे मान वर न करता येणे, असा त्याचा आशय. हेलन ब्लॉक लुइस यांनी 1971 मध्ये केलेला भेद असा, की अपराधभाव कृत्यासंबंधी असतो, लाज स्वत्वासंबंधी. मिंधेपणा या दोहोंत नीट बसत नाही. मिंध्या माणसाने काही कृत्य केलेले नसते आणि त्याचे स्वत्वही मुळात हीन नसते. त्याला हीन करतो तो देणे-घेण्याचा संबंध. आघाताची कल्पना इजा भूतकाळात ठेवते. मिंधेपणा ती साहाय्याच्या क्षणी, रांगेत आणि अर्जाच्या कागदावर, नव्याने घडताना दाखवतो.

नामकरणातही हाच प्रश्न आहे. 'निर्वासित' आणि 'विस्थापित' ही प्रयोजक धातूंवरून झालेली कर्मणि रूपे आहेत. घालवणारा दुसरा कोणी आहे, हे त्यांत गृहीत आहे. 'शरणार्थी' हा शब्द मात्र माणसाला याचक ठरवतो. 1956 पर्यंत नागपूर ही द्वैभाषिक मध्यप्रदेशाची राजधानी होती. तेथे आलेल्यांच्या कानांवर हिंदीतील 'शरणार्थी' व मराठीतील 'निर्वासित' ही दोन्ही नावे पडली असणार. फाळणीग्रस्तांपैकी अनेकांनी या दोहोंऐवजी 'पुरुषार्थी' हे नाव पसंत केले. त्यात केवळ अभिमान पाहणे अपुरे आहे. ते मिंधेपणाला दिलेले उत्तर आहे. 1950 व 1954 च्या कायद्यांनी मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासून भरपाई देण्याची व्यवस्था केली. त्या व्यवस्थेत घराची किंमत लावता येत होती. घर होते हे परक्यापुढे सिद्ध करावे लागण्याची नव्हे.

यावर असा आक्षेप येईल, की अशा विवेचनाने मौनाचे उदात्तीकरण होते. आक्षेपात तथ्य आहे. जे बोलले गेले नाही ते नातवंडांपर्यंत पोहोचत नाही, आणि त्यासोबत भाषाही जाते. कोठारी यांच्या ग्रंथाचे मर्म हेच आहे. म्हणून वृद्धांचे मौन हे सदैव व्याधीचे लक्षण मानणे जसे चुकीचे, तसे ते सदैव शहाणपण मानणेही चुकीचे. मौन आघाताचे आहे की राखलेल्या लाजेचे, हा विवेक साहाय्यकर्त्याला करावाच लागतो.

त्याचा आरंभ प्रश्नाच्या शब्दयोजनेपासून होतो. मराठीत संकट 'ओढवते', 'कोसळते'. या क्रियापदांत दोष भोगणाऱ्याकडे जात नाही. उलट 'तुम्ही सर्व सोडून का आलात?' या विचारणेत तोच कर्ता ठरतो आणि त्याला स्वतःचे समर्थन करावे लागते. कथन मागण्यापूर्वी नकाराची मोकळीक देणे, आणि घेणाऱ्याजवळही देण्याजोगे काही आहे, मग ती भाषा असो, कसब असो वा गावाची आठवण, हे मान्य करणे, एवढ्याने मिंधेपणा पुष्कळ ओसरेल. लाज न काढता दुःख विचारणे ही साहाय्यकार्याची खरी कसोटी आहे. आघाताची परिभाषा तिच्यापुरती पुरेशी नाही.