हाताखालची पन्हळ

खुर्ची पारखायची तर आधी ती पालथी घालावी. हडपसरच्या गाडीतळापासून सासवड रस्त्याने थोडं पुढे, एका भंगारवाल्याकडे वजनावर निघालेली ही पाइपची खुर्ची मी आधी पालथी घातली, मग भाव विचारला. (भाव विचारताना चेहरा कोरा ठेवायचा असतो. मला ते अजून जमत नाही.)

दोन्ही बाजूंना एकेक अखंड पाइप. पुढचा पाय होऊन तो वर येतो, हाताखाली आडवा होतो आणि मागचा पाय होऊन खाली उतरतो. वळणावर कुठेही चेपलेला नाही. वाकवताना आत वाळू ठासली असणार. मुलाम्याला पिवळसर झाक आहे, म्हणजे निकेल. क्रोमची झाक निळसर असते. वरच्या सागवानी हातावर एकही स्क्रू दिसत नाही. पालथं घातल्यावर गुपित कळतं: लाकडाच्या पोटात पाइपच्या गोलाईबरहुकूम पन्हळ कोरली आहे, पाइप तिच्यात निम्मा बुडालाय आणि दोन स्क्रू खालून आवळलेत. डावी पन्हळ निर्दोष. उजवी शेवटाला नखभर तिरकी. तिथे पटाशी निसटली असावी. कारखान्याचा शिक्का कुठेच नाही, पण ही तिरकी रेघ मला सहीसारखी वाटते.

फर्निचर डिझायनर मार्सेल ब्रॉयरने 1925 मध्ये, सायकलच्या हँडलवरून सुचून, पोलादी पाइपची खुर्ची केली. 1928 च्या त्याच्या खुर्चीत पाइपवर लाकडी चौकट आणि वेताची जाळी आली. तिकडे पाइपच्या घरी वेत पाहुणा आला. आपल्याकडे उलटं. वेत घरचाच, सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या अंध कारागीर बोटांनी चाचपत विणायचे. पाहुणा पाइप. म्हणूनच या खुर्चीत लाकूड यजमानासारखं वागतं, पाहुण्याला पोटात जागा करून देतं.

खुर्ची जिथे मिळाली तो सासवड रस्ता पुढे जेजुरीला, होळकरांच्या कुलदैवताकडे जातो. त्या घराण्यातल्या यशवंतराव दुसऱ्यांनी 1930 च्या सुमारास एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून इंदूरचा माणिकबाग राजवाडा उभारून घेतला आणि युरोपातलं आधुनिक फर्निचर त्यात आणलं. त्यात डिझायनर आयलीन ग्रेची ‘ट्रान्साट’ आरामखुर्चीही होती. तिच्यात लाकडी दांड्यांचे सांधे चकचकीत धातूचे आहेत आणि ते मुद्दाम दाखवलेत, ठुशीसारखे. ग्रेची खुर्ची थोर आहे, तुलनाच नको. पण सांधा मिरवणं आणि सांधा लपवणं या दोन्हींना हात सारखाच सराईत लागतो, आणि माझा कल लपवणाऱ्याकडे आहे. माणिकबागचं ते फर्निचर 1980 मध्ये माँटे कार्लोत लिलावात विकलं गेलं. राजवाड्यात पुढे करखात्याचं कार्यालय आलं.

माझ्या खुर्चीचा वेत फाटला होता, तो नव्याने विणून घेतला. बाकी कशाला हात लावला नाही. स्पिरिट पॉलिश उडालंय, पाइपवर गंजाचे चार ठिपके आहेत, असू देत.

हडपसरात भंगाराच्या ढिगात अशी एखादी खुर्ची दिसली, तर कृपा करून तिला चंदेरी ऑइलपेंट फासू नका. आधी पालथी घाला, हाताखालून बोट फिरवा. पन्हळ लागली तर घासाघीस न करता घेऊन या.