निकालपत्रातला गैरहजर माणूस

साहित्याची समीक्षा करताना आपण विचारतो, इथे बोलतो कोण आणि गप्प कोण? हाच प्रश्न न्यायालयाच्या निकालपत्राला का विचारू नये? त्यातल्या एका शब्दावर माणसांची घरे उठतात किंवा टिकतात. खडकीत शिकवताना हा प्रश्न मला टाळता येत नाही. इथे १८१७ ची लढाई झाली, इंग्रजांची छावणी वसली, १८६९ साली दारूगोळा कारखाना आला. माझ्या वर्गातली कितीतरी मुले इथे दोन-तीन पिढ्या राबलेल्या कामगारांची आहेत. जमिनीचा कागद त्यांच्या घरात नाही.

याच शहरातला एक खटला पाहू. पुणे महानगरपालिकेच्या वनउद्यानासाठी सुमारे ४४ एकर खाजगी जमीन संपादन झाली. ३१ जानेवारी २००८ रोजी निवाडा झाला; मोबदल्याचे सुमारे २७ कोटी सरकारी तिजोरीत ठेवले गेले. पुढे २०१३ चा भूसंपादन कायदा आला. त्याच्या कलम २४(२) नुसार, १८९४ च्या कायद्याखालील निवाड्याला पाच वर्षे उलटली असतील आणि ताबा घेतला नसेल ‘किंवा’ मोबदला दिला नसेल, तर संपादन रद्द. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तिजोरीत पैसे ठेवणे म्हणजे पैसे देणे नव्हे. जमीनधारक जिंकले. मार्च २०२० मध्ये इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी तो निकाल मोडीत काढला. ‘किंवा’ हा शब्द ‘आणि’ असा वाचायचा, असे ठरले. आता ताबा घेतलेला असेल, तर केवळ पैसे दिले नाहीत म्हणून संपादन रद्द होत नाही.

या दोन वाचनांवर कायदेपंडित भांडतात. भांडण खरेच आहे. लहान शेतकऱ्याची भाकरी त्यात अडकलेली आहे. परंतु दोन्ही वाचनांत कर्ता एकच, सातबारावर नाव असलेला. ‘किंवा’ वाचा, ‘आणि’ वाचा. त्याच रानात खुरपणी करणारी बाई दोन्हीकडे गैरहजर. जमीन परत मिळाली तर धारकाला, पैसे मिळाले तरी धारकालाच.

ही गैरहजेरी जुनी आहे. १९५१ साली दरभंग्याच्या महाराजांच्या दाव्यावरून पाटणा उच्च न्यायालयाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द ठरवला. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. याउलट हिमाचलातल्या एका निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ साली कायदेशीर संपादनाविनाच रस्त्यासाठी घेतली गेली. तिला न्याय मिळाला २०२० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. महाराजांना न्यायालयाचे दार किती लवकर सापडले आणि तिला किती उशिरा, ते पहा.

मग आपण संपादनाच्याच विरोधात उभे राहायचे काय? नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये सारी शेतजमीन राज्याने मोबदला देऊन ताब्यात घ्यावी, ती गावकऱ्यांना जातपात न पाहता कसायला द्यावी, असे मांडले होते. जमीनदारही उरू नये आणि भूमिहीनही उरू नये. सरकारने जमीन घेणे हा त्यांच्या लेखी गुन्हा नव्हता. घेतलेली जमीन कोणाच्या पदरात पडते, हा खरा सवाल आहे. तो ना सरकार विचारते, ना जमीनधारकाचा वकील.

न्यायालये मालकांचीच, ती सोडून द्या, असे काही कार्यकर्ते म्हणतात. मला ते पटत नाही. २०१३ च्या कायद्याने संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबून पोट भरणाऱ्या शेतमजुराच्या, कुळाच्या कुटुंबालाही ‘बाधित कुटुंब’ म्हटले आहे. जमीन गमावणाऱ्या अनुसूचित जातीजमातींच्या माणसाला गेली तेवढी किंवा अडीच एकर, यांतली जी कमी असेल ती जमीन देण्याची तरतूद आहे. पण राबण्याचा पुरावा कोण ठेवतो? मजुरीची पावती कोणत्या बागायतदाराने दिली?

म्हणून सामाजिक परिणामांची जाहीर सुनावणी लागण्याआधीच प्रत्येक वस्तीत मजुरांच्या, कुळांच्या याद्या तयार व्हायला हव्यात. कोण, कोणाच्या रानात, किती वर्षे राबले, हे लिहून घेतले पाहिजे. शिकलेल्या पोरांनी हे काम अंगावर घ्यावे. निकालपत्रात आपला माणूस यायचा असेल, तर तो आधी अर्जात आला पाहिजे.