टेबलावरचा मुलूख

केकी मूस यांच्याविषयी खानदेशात कुणालाही विचारा, आधी पंजाब मेलची गोष्ट ऐकायला मिळते. प्रेयसी त्या गाडीने येणार, म्हणून चाळीसगावच्या घराचे दार रोज उघडे राहायचे. गोष्ट खरी की खोटी, यात मला रस नाही. तिने छायाचित्रे झाकून टाकली, ही माझी तक्रार आहे.

मूस (१९१२–१९८९) यांनी इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेतले, परदेश पाहिला आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस ते चाळीसगावला परतले. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ते स्टेशनजवळच्या घराबाहेर अपवादानेच पडले. नाव झाले ते टेबल-टॉप छायाचित्रणाने. या तंत्रात टेबलावर वाळू, काड्या, कापूस, मीठ असे काहीबाही मांडून मुलूख उभा करतात. आरशाचा तुकडा तळे होतो. दिवा किती खाली धरला, यावर सकाळ की दुपार ते ठरते. वस्तूंचे खरे माप मात्र कॅमेऱ्याला कळता कामा नये. एक ओळखीची काडी दिसली की डोंगराचे ढेकूळ होते.

आपल्याकडच्या बैठकीच्या खोल्या आठवा. जळगावात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि भिंतीवर बर्फाची शिखरे, लाकडी घर, तळ्यात हंस. याला अभिरुचीचा अभाव म्हणणे सोपे आहे. मला ती इच्छा वाटते, आठवण नव्हे. केळीची बाग किंवा कपाशीचे काळे रान त्या भिंतीवर क्वचितच असते; रोज तिथे राबणारा ते घरात कशाला टांगेल? रान सुटले की मग ते भिंतीवर येते. धुळ्यात एका घरी विकलेल्या मळ्याचे चित्र पाहिले. विहीर, चिंच, चालती मोट. पेंटरने मळा कधी पाहिलेला नव्हता, घरच्यांनी सांगितले तसे त्याने रंगवले. मोट तर मालकांच्या लहानपणीच बंद पडली होती. तरी ते म्हणाले, ‘हाऊच आमना मया.’

मूस यांची दृश्ये मी याच रांगेत ठेवतो. फरक इतकाच, की सांगणारा आणि घडवणारा इथे एकच आहे. पाहिलेले जग सुटल्यावर त्यांनी ते हाताच्या अंतरावर पुन्हा रचले. सगळीच दृश्ये सारख्या तोलाची नाहीत. जिथे गोष्ट सांगण्याचा मोह होतो तिथे ती मला पातळ वाटतात. जिथे नुसती वाट आणि उजेड असतो तिथे नजर अडकते. पारितोषिकांच्या याद्या वाचून हा फरक कळत नाही.

घराचे आता संग्रहालय झाले आहे. लोक दारापाशी थांबतात, हळहळतात. मी सावल्या पाहत बसतो. सूर्याच्या उजेडात झाडांच्या सावल्या समांतर पडतात. जवळच्या दिव्याच्या उजेडात त्या पंख्यासारख्या फाकतात. दूरवरचे माळरान वाटणारे एखादे दृश्य त्यावरून तीन हात लांबीचे निघते.